बूटमध्ये जागा नव्हती आणि मी भलत्याच खोलीत झाडू मारत होते

मला फक्त एक ऑडिओ क्लिप कापायची होती. ४० सेकंदांचं रेकॉर्डिंग, त्यातले पहिले १२ सेकंद नुसती खरखर आणि "हॅलो, हॅलो, येतोय का आवाज", तेवढं उडवून पुढे पाठवायचं, बस. त्यासाठी ऑडॅसिटी, आवाज कापायचा-जोडायचा प्रोग्राम, टाकू म्हटलं. लॅपटॉपवर उबुंटू २२.०४ आहे, टर्मिनल उघडलं, सुडो ॲप्ट इन्स्टॉल ऑडॅसिटी (ॲप्ट म्हणजे उबुंटूवर प्रोग्राम आणून बसवणारं), पासवर्ड, एंटर. दोन मिनिटांचं काम होतं, त्याचे दोन दिवस कसे झाले ते सांगते, आणि आधीच सांगून ठेवते की यातला बराचसा घोळ मशीनने नाही, मीच घातलेला आहे.

एंटर मारल्यावर डाउनलोड सुरू होण्याऐवजी एक ओळ आली, वेटिंग फॉर कॅश लॉक, म्हणजे दुसरं कुणीतरी आत काम करतंय, थांबा, आणि शेवटी त्या प्रोसेसचा नंबर आणि कंसात तिचं अर्धवट तुटलेलं नाव, अनअटेंडेड-अपग्र. ओळीच्या टोकाला सेकंद मोजत होते. १०, २०, ३५. मी बघतेय, ते मोजतंय. साठच्या पुढे गेल्यावर मला राहवलं नाही, कंट्रोल सी मारलं, परत तीच कमांड दिली, परत तेच मोजणं सुरू. आता मला माहितीये की ते शहाणपणाचं वागत होतं, पार्श्वभूमीला सिक्युरिटी अपडेट आपोआप बसत होते आणि ॲप्ट रांगेत उभं होतं. तेव्हा मात्र वाटलं की काहीतरी अडकलंय.

मग जे सगळे करतात तेच केलं, एररची ओळ कॉपी करून शोधली. पहिलाच उपाय मिळाला तो असा की ती प्रोसेस मारा आणि लॉकच्या फायली डिलीट करा. दुसऱ्या कुणाच्या तरी दुखण्याचं औषध, पण किती लोकांनी "थँक्स, चाललं" म्हटलंय बघून मी पण घेतलं. किल मायनस नऊ. तरी लॉक सुटेना, आता म्हणतंय की डीपीकेजी नावाच्या प्रोसेसने धरलाय. मग तीही मारली. मग व्हार-लिब-डीपीकेजी फोल्डरमधल्या लॉकच्या दोन्ही फायली आरएमने उडवल्या आणि कॅशमधली एक होती तीही उडवली, हो ना, अर्धवट कशाला ठेवायचं.

हे लॉकचं प्रकरण नंतर मावसभावाने समजावलं, तो हेच काम करतो, आणि ते इथेच सांगते कारण मला ते खरंच माहीत नव्हतं. ती लॉकची फाईल तिथे असणं म्हणजे लॉक लागलेलं असणं नव्हे. फाईल कायमच तिथे असते, रिकामी. लॉक असतो तो चालू प्रोसेसने त्या फाईलवर धरलेला हक्क, आणि ती प्रोसेस संपली किंवा मेली की लिनक्सचा कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, तो हक्क आपोआप सोडवतो. म्हणजे प्रोसेस मेलेली असेल तर फाईल उडवायची गरजच नाही, आणि प्रोसेस जिवंत असेल तर फाईल उडवणं हे सगळ्यात वाईट, कारण मग दुसरा प्रोग्राम नवीन फाईल बनवून तिच्यावर स्वतःचा लॉक घेतो आणि दोघंही एकाच नोंदवहीत एकाच वेळी लिहायला बसतात. दोन्ही बाजूंनी बघितलं तरी डिलीट करण्यात फायदा शून्य. तरी हा उपाय वर्षानुवर्षं फिरतोय, लोक डोळे मिटून चिकटवतायत, त्यातली एक मी.

लॉक गेला, आता ऑडॅसिटी. नाही. आता नवीन निरोप, की डीपीकेजी मधेच तुटलंय, तुम्ही स्वतः डीपीकेजी कॉन्फिगर मायनस ए चालवा. हे एक बरं असतं की कधीकधी एररच कमांड सांगते. चालवली. पन्नासेक ओळी भराभर वर गेल्या आणि दोन गोष्टींवर रडणं होतं. एक, कर्नलच्या हेडर्सचं पॅकेज, त्याच्याबद्दल म्हणत होतं व्हेरी बॅड इनकन्सिस्टंट स्टेट. व्हेरी बॅड! प्रोग्राममध्ये एवढं मनापासून लिहिलेलं वाक्य मी पहिल्यांदा बघितलं. हे अर्थातच माझंच कर्तृत्व, हेडर्सच्या पॅकेजमध्ये हजारो बारीक बारीक फायली असतात, ते उलगडायला वेळ लागतो, म्हणूनच मघाशी एवढा वेळ मोजणं चालू होतं आणि मी नेमकं ते उलगडत असतानाच मानेवर पाय दिला. दुसरं रडणं कर्नलच्या इमेजवर होतं आणि ते काय आहे ते मी वाचलंच नाही.

ॲप्टला फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल सांगितलं. त्याने हेडर्सचं पॅकेज घेऊन परत वरून टाकलं आणि पहिलं रडणं थांबलं. मी खूश. खाली शेवटची ओळ होती, सब-प्रोसेस डीपीकेजी रिटर्न्ड ॲन एरर कोड, कंसात १.

ही जी शेवटची ओळ आहे ना, तिच्यावर माझी अख्खी संध्याकाळ गेली. तीच मी शोधत होते, आणि त्या ओळीवर जगातले सगळे रोग निघतात. कुणाचं प्रिंटरचं पॅकेज, कुणाचा डेटाबेस, कुणाचा ग्राफिक्स ड्रायव्हर. कारण ती ओळ ॲप्टची आहे आणि ॲप्टला आत काय झालं ते माहीतच नसतं. हे दोन वेगळे प्रोग्राम आहेत, आणि वयानेही वेगळे. डीपीकेजी १९९४ पासूनचं, डेबियन सुरू झालं त्याच्या पुढच्याच वर्षीचं, त्याचं काम हातात दिलेलं एक पॅकेज उघडून जागेवर बसवणं आणि वहीत नोंद करणं एवढंच. ते पॅकेज कुठून आणायचं, त्याच्याबरोबर अजून काय काय लागेल हे बघायला ॲप्ट आलं, डेबियनच्या २.१ मध्ये, १९९९ साली. म्हणजे ॲप्ट सामान आणून देतं, डीपीकेजी बसवतं, आणि डीपीकेजी सुद्धा पॅकेजच्या पोटातल्या छोट्या स्क्रिप्ट चालवतं, त्या स्क्रिप्ट अजून कुणाला तरी हाक मारतात. खाली चौथ्या मजल्यावर कुणीतरी पडलं की वर ॲप्ट एवढंच सांगतं, खाली काहीतरी झालंय, आणि फोन ठेवतं. आणि मी त्या फोनवाल्यालाच परत परत विचारत होते.

मधे अजून एक फाटा फुटला. ॲप्ट अपडेट मारल्यावर वर काही ओळी यायच्या डब्ल्यूने सुरू होणाऱ्या, की एका बाहेरच्या रिपॉझिटरीची, म्हणजे पॅकेजं जिथून येतात त्या साठ्याची, किल्ली (की) जुन्या ट्रस्टेड डॉट जीपीजी नावाच्या जुडग्यात ठेवलीये, ते आता जुनं झालंय, ॲप्ट-की बंद होणार आहे, वगैरे. मला वाटलं सापडला चोर. दीड तास घालवून ती किल्ली बाहेर काढली, ईटीसी-ॲप्ट-कीरिंग्ज फोल्डरमध्ये वेगळी ठेवली, सोर्सच्या ओळीत साइन्ड-बाय लिहिलं, दोनदा चुकलं, तिसऱ्यांदा डब्ल्यू गेला. स्क्रीन एकदम स्वच्छ. परत इन्स्टॉल, परत एरर कोड १. डब्ल्यू म्हणजे वॉर्निंग, ई म्हणजे एरर, मी दीड तास ज्याच्या मागे होते त्याचा याच्याशी काडीचा संबंध नव्हता. काम चांगलंच झालं म्हणा, कधीतरी करायचंच होतं, पण घराला आग लागलेली असताना मी खिडकीचे पडदे बदलले असं झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुठेतरी वाचलं की डिस्क भरली तरी असं होतं. डीएफ मायनस एच मारलं. मुख्य पार्टिशनवर ४१ जीबी रिकामे. चला, जागा आहे, ते कारण नाही. तरी पण म्हणून ॲप्ट क्लीन मारलं, डाउनलोड केलेली जुनी पॅकेजं उडाली, पावणेदोन जीबी अजून मोकळे. आता ४३ जीबी. आणि तरी एरर कोड १.

मग मावसभावाला फोन केला. मी त्याला शेवटची ओळ वाचून दाखवली, तो म्हणाला, "ताई, ती नको वाचूस. पहिली वाच." मी म्हटलं, "पहिली कुठली रे, पन्नास ओळी आहेत." तो म्हणाला, "वर जात राहा, जिथपर्यंत सगळं सुरळीत चाललंय असं दिसतंय तिथपर्यंत, आणि ते जिथे पहिल्यांदा अडखळतंय ती ओळ सांग." स्क्रोल संपत होता म्हणून त्याने लॉग उघडायला लावला, व्हार-लॉग-ॲप्ट फोल्डरमधली टर्म डॉट लॉग. ही फाईल मला माहीत नव्हती. ॲप्टने टर्मिनलवर जे जे दाखवलं ते सगळं त्यात तारखेसकट साठलेलं असतं, शेजारीच हिस्टरी डॉट लॉग आहे त्यात कुठल्या दिवशी कुठली कमांड दिली आणि काय बसलं, काय उडालं ते. माझे दोन दिवसांचे सगळे प्रताप ओळीने लिहिलेले होते, कुणी बघत नाही असं वाटत होतं मला.

आणि तिथे होती. सेटिंग अप लिनक्स-इमेज, त्याखाली अपडेट-इनिटरामएफएस, जनरेटिंग, स्लॅश बूट स्लॅश इनिटआरडी, पुढे व्हर्जनचा नंबर, आणि लगेच खाली झेडएसटीडीची, म्हणजे फाईल दाबून लहान करणाऱ्या प्रोग्रामची ओळ, राइट एरर, नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस.

"पण जागा आहे," मी म्हटलं, "त्रेचाळीस जीबी." तो म्हणाला, "कुठे?" मी डीएफ परत मारलं आणि या वेळी सगळ्या ओळी वाचल्या. स्लॅशची एक ओळ, ४३ जीबी. त्याखाली दोन-तीन टीएमपीएफएसच्या ओळी, आणि त्यांच्या मधे, स्लॅश बूट, ७०५ एमबी, वापर ९७ टक्के. सकाळी पण ती तिथेच होती. मी पहिली जीबीवाली ओळ वाचून थांबले होते.

झालं असं होतं की लॅपटॉप घेतला तेव्हा इन्स्टॉल करताना मी डिस्क एन्क्रिप्ट करायचं टिक केलं होतं. मग अख्खी डिस्क कुलपात जाते, पण मशीन चालू होताना कुलूप उघडायच्या आधी काहीतरी वाचता आलं पाहिजे ना, म्हणून कर्नल आणि त्याचं सुरुवातीचं सामान एका वेगळ्या छोट्या उघड्या पार्टिशनमध्ये ठेवतात, तेच हे बूट. बाकी घरात कितीही जागा असली तरी या खोलीला तिचा उपयोग नाही. मी हॉल झाडत होते आणि माळा भरलेला होता.

बूटमध्ये काय आहे म्हणून यादी काढली. प्रत्येक कर्नलमागे एक व्हीएमलिनझ, म्हणजे कर्नल स्वतः, ती ११ एमबी, एक सिस्टिम मॅप ६ एमबीची, आणि एक इनिटआरडी, म्हणजे ते सुरुवातीचं सामान, ती एकटीच १०५ एमबी. म्हणजे एका कर्नलचं बिऱ्हाड साधारण १२० एमबी. अशी पाच बिऱ्हाडं. पाच गुणिले एकशेवीस, सहाशे. सहावं येऊन दारात उभं, त्याची व्हीएमलिनझ आणि मॅप आत शिरले, आणि बूटमधलं बाकीचं सामान धरून इनिटआरडी बनवायला घेतली तेव्हा फक्त वीस-पंचवीसच्या आसपास एमबी कोपऱ्यात हवा, तेवढ्यात ती बसणार कशी. शिवाय ती आधी डॉट न्यू असं नाव लावून पूर्ण बनते आणि नंतर खऱ्या नावावर जाते, म्हणजे जुनीच परत बनवायची असली तरी तेवढा वेळ दोघींना पुरेल एवढी जागा लागते. हे म्हणजे मी ती अपडेटची प्रोसेस मारली नसती तरी हा प्रकार घडणारच होता. हेडर्सचं पाप माझं, बूटचं... तेही माझंच, पण ते नंतर कळलं.

मला वाटलं आता सोपं आहे, ॲप्ट ऑटोरिमूव्ह जुने कर्नल काढतं की. ते म्हणालं काढण्यासारखं शून्य. शून्य! पाच पडलेत समोर. वर परत ते अर्धवट पॅकेज बसवायचा प्रयत्न, परत नो स्पेस, परत कोड १. मग माझा हात थेट आरएमकडे गेला, इनिटआरडीच उडवते दोन, तर मावसभाऊ फोनवरून ओरडला, "ताई, थांब, आरएम नको. फाईल जाईल पण डीपीकेजीच्या वहीत ते पॅकेज तसंच राहील, परत कधीतरी ते इनिटआरडी बनवायला घेईल. पॅकेजच काढायचं." आणि त्याआधी युनेम मायनस आर मारायला लावलं, आत्ता कुठल्या कर्नलवर मशीन चालू आहे ते बघायला, तो नंबर कागदावर लिहून समोर ठेवला, तो आणि त्याच्या वरचे सोडून. बसायची फांदी तोडायची नाही एवढंच.

ॲप्टने पर्ज, म्हणजे मुळासकट काढणं, ऐकलंही असतं कदाचित, पण त्या मनःस्थितीत त्याच्या तोंडी लागायचं नव्हतं म्हणून सरळ डीपीकेजी पर्ज. मी सगळ्यात जुन्या नंबरचं लिनक्स-मॉड्यूल्स पॅकेज दिलं, कारण यादीत तेच आधी दिसलं. नकार. लिनक्स-इमेज त्याच्यावर अवलंबून आहे म्हणे. बरोबर आहे, मग तिन्ही एकाच ओळीत दिली, इमेज, मॉड्यूल्स आणि मॉड्यूल्स-एक्स्ट्रा, नंबर तीनदा तपासून. रिमूव्हिंग, रिमूव्हिंग, रिमूव्हिंग, मग अपडेट-इनिटरामएफएस, डिलीटिंग, आणि मग ग्रबची, म्हणजे मशीन चालू होताना कर्नल निवडणाऱ्या प्रोग्रामची, यादी नव्याने बनली. डीएफ मायनस एच स्लॅश बूट. ८० टक्के. मी एवढ्या आनंदाने टक्केवारी कधी बघितली नव्हती. अजून एक जुना काढला, ६३.

डीपीकेजी कॉन्फिगर मायनस ए. जनरेटिंग स्लॅश बूट स्लॅश इनिटआरडी, आणि तिथे कर्सर थांबला. नेहमीच तिथे दहा-पंधरा सेकंद थांबतो तो, पण मी श्वास धरून बसले होते. मग ग्रब, फाउंड लिनक्स इमेज, फाउंड, फाउंड, डन. प्रॉम्प्ट आला. कोड नाही, ई नाही, काही नाही. ॲप्टला परत फिक्स-ब्रोकन विचारलं, म्हणालं शून्य, शून्य, शून्य.

आता ऑटोरिमूव्ह शून्य का म्हणत होतं. मावसभाऊ म्हणाला ॲप्ट-मार्क शोमॅन्युअल बघ, त्यात लिनक्स-इमेज शोध. एक सापडला, आणि मघाशी काढलेले दोघंही त्याच जातीचे निघाले. ॲप्ट प्रत्येक पॅकेजमागे एक खूण ठेवतं, तू मागितलंस म्हणून आलं की दुसऱ्याच्या गरजेपोटी आपोआप आलं. आपोआप आलेलं आणि आता कुणाला नको असलेलंच ऑटोरिमूव्ह काढतं, तू नाव घेऊन मागितलेलं ते कधी काढत नाही, तो त्याचा सभ्यपणा. आणि गेल्या वर्षी वायफाय सारखं तुटत होतं तेव्हा कर्नल बदलून बघा, जुना टाकून बघा असे उपाय वाचून मी तीन वेगवेगळे कर्नल नंबरासकट नाव घेऊन टाकले होते. (वायफाय कर्नलमुळे तुटत नव्हतं. राउटर दमलेला होता.) ते तिघं मानाने मागवलेले पाहुणे म्हणून वर्षभर बसून होते. उरलेले दोन म्हणजे चालू असलेला आणि त्यानंतरचा, त्यांना ॲप्ट मुद्दामच हात लावत नाही, नवीन कर्नलवर मशीन उठलं नाही तर मागे जायला एक दुसरा हवा म्हणून. आणि चालू असलेला एवढा जुना का, तर मी रिबूटच करत नाही, झाकण मिटते आणि उठते. तीन पाहुण्यांपैकी उरलेल्याला ॲप्ट-मार्क ऑटो लावलं, पुढच्या ऑटोरिमूव्हमध्ये तो सुमडीत निघून गेला.

रिबूट केलं. त्या काळ्या स्क्रीनवर डिस्कचा पासवर्ड विचारेपर्यंतचे चार सेकंद मी इथे वर्णन करणार नाही. उठलं. युनेम मायनस आर, नवा नंबर.

मग सुडो ॲप्ट इन्स्टॉल ऑडॅसिटी. वेटिंग फॉर कॅश लॉक, अनअटेंडेड-अपग्र, सेकंद मोजणं सुरू. खरंच. दोन दिवस अडकलेले अपडेट रिबूटनंतर आता कुठे बसायला लागले होते. मी हात मागे घेऊन बसले. ३०, ६०, ९०. या वेळी कंट्रोल सी मारलं नाही, मोजू दिलं, सातेक मिनिटांनी लॉक सुटला, आणि त्याच कमांडने डाउनलोड सुरू झालं, बसलं, उघडलं. क्लिप ओढली, पहिले १२ सेकंद सिलेक्ट केले, डिलीट दाबलं. पाठवायला गेले तर समोरून आदल्याच रात्रीचा मेसेज पडलेला, "अगं ते रेकॉर्डिंग दुसऱ्याकडून मिळालं, राहू दे."